आधी कुणी बोलवायचं?

बिश्केक, ९ ऑक्टोबर

बुर्माकान एजे,

सलाम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की नुरझान स्वयंपाकघरातून पळत येते, "आपा, काय झालं?" म्हणून. सून चांगली आहे, पण घाबरट. तेव्हा आता पत्रच. नारीनला जाणाऱ्या गाडीवाल्याकडे देते आहे, तो आत-बाशीच्या बाजारात तुम्हाला गाठेल. उत्तरही त्याच्याच हाती पाठवा. "वेळ नव्हता" असं लिहू नका. तुम्हाला वेळ नाही हे मी गेली चाळीस वर्षं ऐकते आहे, आणि चाळीस वर्षं तुम्ही फाटकाला टेकून उभ्या आहात.

पोरानं, मेदेरनं, घर चांगलं घेतलंय. सातवा मजला. ऑगस्टात आम्ही आलो तेव्हा लिफ्टसुद्धा सुरू झाली नव्हती, गाद्या-गालिचे हमालांनी जिन्यानं वर आणले, आणि सगळ्या जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता. आता लिफ्ट चालते. तिच्यात आरसा आहे. रोज एक म्हातारी त्यात भेटते, मी तिच्याशी बोलत नाही.

मध्ये छातीत धडधडायला लागलं म्हणून मुलानं दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय धडधाकट आहे, तुम्हाला काहीतरी छंद हवा. मी विचारलं, तो कुठल्या औषधाच्या दुकानात मिळतो? त्या हसल्या नाहीत. मग नुरझाननं एक जाड मासिक आणलं. त्यात चार भाग आहेत: निसर्ग, हातकाम, तब्येत आणि घराची सजावट. ज्याचं मन कशात रमत नाही त्यानं एकेक करून बघावं, कुठेतरी रमेलच, असं लिहिलंय. मी निसर्गापासून सुरुवात करणार आहे. सातव्या मजल्यावर.

माझ्या तिकडच्या घरात कोण आलंय? माणसं बरी आहेत ना? त्यांना नव्या शेजाऱ्यांचं जेवण, एरुलुक, घातलंत का?

तुमची धाकटी जाऊ,
अनारकुल


आत-बाशी, २१ ऑक्टोबर

अनारकुल,

पत्र मिळालं. गाडीवाल्यानं ते सगळ्या बाजारासमोर "म्हातारीला प्रेमपत्र आलं" असं ओरडून दिलं. त्याच्या आईला ओळखते मी, तिला सांगणार आहे.

छंद! अगं, आपण आयुष्यभर लोकर धुतली, पिंजली, रंगवली, नमदे लाटले, गुरांमागे डोंगर चढलो, आजारी पडलो की आर्चाच्या झाडाच्या धुरीत बसलो. त्याला आपल्याकडे काम म्हणतात. शहरात तेच बसून केलं की छंद होतो आणि वर डॉक्टर लागतो. बरं, कर. रिकामं बसण्यापेक्षा बरं.

तुझ्या घरात जुमगालकडचं एक जोडपं आलंय. नवरा गाड्या दुरुस्त करतो. बायकोचं नाव ऐपेरी, काडीसारखी आहे, पण सकाळपासून खटपट चालू असते. आल्या आल्या खिडक्यांना निळा रंग दिला. तुझ्या पांढऱ्या खिडक्यांना! मी फाटकातून बघितलं आणि आत निघून आले. एक कुत्रा आहे, तो माझ्यावर भुंकतो. माझ्याच दिराच्या अंगणातून माझ्यावर.

एरुलुक अजून घातलं नाही. गावातल्या बायका टोमणे मारायला लागल्यात की नवं बिऱ्हाड येऊन इतके दिवस झाले, शेजारणीनं घरी बोलावून एक घास खाऊ घातला नाही, ती माणसं ना धड पाहुणी ना धड शेजारी. मी म्हटलं, मेंढ्या अजून डोंगरावरून उतरल्या नाहीत. उतरल्या कधीच. पण त्या बायकांना काय करायचंय?

तू तुझं सांग. तुला किती घरांनी बोलावलं? शहरात मटण चांगलं मिळतं म्हणतात. कुणी काय घातलं ते सगळं लिही, वगळू नकोस.

बुर्माकान


बिश्केक, १५ नोव्हेंबर

बुर्माकान एजे,

निसर्ग करून झाला. दह्याच्या रिकाम्या डब्यांत कांदा आणि शेपू लावला, खिडकीत ठेवला. कांदा उगवला. शेपू उगवून आडवा झाला. मासिकात लिहिलंय की झाडांशी बोलावं, त्यानं ती वाढतात. मी दोन दिवस बोलले. मग मला माझाच आवाज ऐकून कसंतरी झालं. मेदेर आणि नुरझान सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात, आणि दिवसभर घरात फक्त फ्रीज बोलतो.

हवा स्वच्छ असली तर खिडकीतून डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे तुम्ही. पण आता लोक कोळसा जाळायला लागलेत, धुरात डोंगर बुडून जातात.

एरुलुकचं विचारलंत. बोलावलं ना! तुमचं पत्र यायच्या आधीच बोलावलं. सहाव्या मजल्यावर सुयुन नावाची बाई राहते, तिनं मला वरच्या, मानाच्या जागी बसवलं. चुचुक होतं, चांगलं जाड, आतड्यात घोड्याचं मांस आणि चरबी ठासून भरलेलं. निळ्या वाडग्यात साय. गरम गरम तळलेली बोरसोकं, जरा खारट झाली होती, पण मी काही बोलले नाही. मटण आलं तेव्हा शेपटीकडचा मानाचा तुकडा माझ्या पानात वाढला. तिच्या सासूनं दोन्ही हात वर करून दुवा दिली, की या घराचा उंबरा तुला लाभो. मला रडू आलं. एकूण फार छान झालं. आता माझी काळजी करू नका.

आता हातकाम सुरू करते. नुरझाननं मण्यांची पेटी आणली आहे.

अनारकुल


आत-बाशी, २ डिसेंबर

अनारकुल,

छान झालं. वरची जागा, चुचुक, दुवा. शहरातली माणसं वाटतात तेवढी वाईट नसतात तर. मी उगाच काळजी करत होते.

इथं बर्फ पडलं. मी तुझ्या घरातल्यांना बोलावलेलं नाही, आणि बोलावणारही नाही. का ते विचारू नकोस.

मणी ओवताना डोळ्यांवर ताण देऊ नकोस.

बुर्माकान


बिश्केक, १९ जानेवारी

बुर्माकान एजे,

तुमचं शेवटचं पत्र पाच ओळींचं. रागावलात का? मी काही चुकीचं लिहिलं का? गाडीवाल्याला दोनदा विचारलं, तो म्हणाला, म्हातारी ठणठणीत आहे, कुत्र्याला शिव्या घालते.

हातकाम संपलं. मी मण्यांची एक बदकीण केली. नुरझाननं ती टीव्हीवर ठेवली, तिथून पडून फुटली. मला वाईट वाटलं नाही, त्याचंच वाईट वाटलं. आठवतं, आपण दोघी एक नमदा घेऊन बसायचो, तुम्ही तिकडच्या कडेनं शिवायच्या, मी इकडून, आणि मध्यावर पोचेपर्यंत गावात कुणाचं काय बिघडलंय ते सगळं शिवून व्हायचं. मण्यांना दुसरी कड नसते.

मग तब्येत. मासिकात दोन काठ्या घेऊन भराभर चालायला सांगितलंय. बागेत बऱ्याच बायका तशा चालतात, घोळक्यानं. मीही दोन काठ्या घेऊन त्यांच्या मागून चालले. त्या फार भराभर चालतात. एकदा एकीनं मागं वळून पाहिलं, मी हात केला, तिला वाटलं मी वाट विचारते आहे. तिनं बसथांबा दाखवला.

आणि सजावट. मी लग्नातली पेटी आणि तिच्यावरच्या गाद्या-दुलयांचा थर दिवाणखान्यात भिंतीशी लावला, रंगाला रंग लागेल असा, वर तुम्ही दिलेली लाल उशी. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले होते. नुरझान आली, तिनं तो पाहिला, आणि रविवारी मेदेरनं तो गच्चीत नेऊन ठेवला. मासिकात म्हणे लिहिलंय की जितकं सामान कमी तितकं मन शांत. तसं असेल तर माझं मन एव्हाना झोपलेलं असायला हवं.

एजे, चारही भाग करून झाले. आता मी काय करू?

अनारकुल


आत-बाशी, ८ फेब्रुवारी

अनारकुल, खोटारडे,

बर्फानं रस्ता बंद होता, म्हणून उत्तराला उशीर. घरात अडकले होते, दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून तुझी पत्रं पुन्हा पुन्हा वाचली. आधी नोव्हेंबरचं पत्र वाचून मी जळले होते. हो, जळले. मला वाटलं, हिला तिकडे माझ्यापेक्षा बरं जेवू घालणारी मिळाली. म्हणून पाच ओळी. आता ऐक.

घोड्याचं जाड चुचुक. निळ्या वाडग्यात साय. बोरसोकं जरा खारट. दुवा देणारी सासू, दोन्ही हात वर करून. अगं बाई, हे जेवण मी तुला घातलं होतं! ज्या वर्षी तुम्ही दोघं आमच्यातून वेगळे झालात आणि पलीकडचं घर बांधलंत, त्या वर्षी. मी घाईत पिठात मीठ दोनदा टाकलं होतं आणि तू सगळी बोरसोकं हूं की चूं न करता खाल्लीस. निळा वाडगा माझ्या फळीवर अजून आहे. आता बिश्केकच्या बाईनंही मीठ दोनदा टाकलं आणि तिच्याकडेही निळा वाडगा निघाला, असं म्हणतेस? खोटं बोलायचं तर निदान नवीन जेवण तरी शिजवायचं.

तुला कुणीच बोलावलं नाही. ऑगस्टापासून एकानंही नाही. बरोबर ना? आणि तू आपल्या रीतीप्रमाणे दार लावून वाट बघत बसलीस, कारण नव्यानं आपणहून कुणाच्या दारात जाणं म्हणजे जेवण मागायला गेल्यासारखं. मला वाचून इतकं रडू आलं की चूल विझली तरी कळलं नाही.

मग मी डोळे पुसले आणि पहिलं पत्र काढलं. तूच लिहिलं आहेस की तुम्ही आलात तेव्हा लिफ्ट सुरू झाली नव्हती आणि चुना ओला होता. मला सांग, ओल्या चुन्याच्या घरात तुझ्या आधी कोण राहत होतं? उंदीर? ती इमारत नवी आहे, वेडे. तिथं जुनं कुणीच नाही. कुणी तलासचं आलं असेल, कुणी इस्सिक-कुलचं, आणि सगळे आपापली दारं लावून, केस विंचरून, बोलावणं येईल म्हणून बसले असतील. तुला वाटलं ती शहरातली म्हणून जुनी आणि तू गावची म्हणून नवी. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या जिन्यातली सगळ्यात जुनी तू असशील तर? मग बोलवायचं कुणी होतं?

जा आणि विचार, तुझ्या आधी कोण आलं. नसेल कुणी, तर तुझे ते छंद गुंडाळून ठेव आणि पीठ मळ. मीठ एकदाच टाक.

बुर्माकान


बिश्केक, २८ मार्च

बुर्माकान एजे,

तुमचं पत्र वाचून मी चार दिवस तुमच्यावर रागावले होते. मग तीन दिवस स्वतःवर. त्यानंतर सहाव्या मजल्यावर गेले. सुयुन खरंच आहे, एवढं तरी मी खरं लिहिलं होतं. लिफ्टमध्ये तिला नावानं हाक मारताना ऐकलं होतं. तीही एकटीच असते, तिची मुलगी बँकेत आहे. दार उघडलं तर हातात तिच्याही काहीतरी मण्यांचं होतं.

मी विचारलं, "तुम्ही केव्हा आलात इथं?"

ती म्हणाली, "सप्टेंबरात. आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा अख्ख्या जिन्यात एकाच खिडकीत दिवा होता. तुमच्या." मग म्हणाली, "आम्ही बरेच दिवस वाट पाहिली हं, आपा. मला वाटलं वरच्या बाई मोठ्या घरच्या असतील. आमच्यासारख्यांना कशाला बोलावतील?"

एजे, मला त्या जिन्यातच बसावंसं वाटलं. ही सगळी माणसं हिवाळाभर माझी वाट बघत होती, आणि मी त्यांची. आणि मला म्हणे छंद हवा होता.

नूरुझचा सण झाल्यावर मी बोलावलं. नुरझान घाबरली, एवढी माणसं कुठं बसतील म्हणून, पण मग तिनंच गच्चीतून माझ्या गाद्या आणून जमिनीवर घातल्या. ताटं तिची, दुलया माझ्या, आणि खोली पहिल्यांदा घरासारखी दिसली. प्रत्येक दाराशी मी स्वतः गेले. एका दारानं आतूनच सांगितलं, "काही विकत घ्यायचं नाही." चौथ्या मजल्यावरचा म्हातारा रशियन आहे, त्याला एरुलुक म्हणजे काय ते कळेना, पण लोणच्याच्या काकड्यांची बरणी घेऊन आला आणि शेवटपर्यंत बसला. सुयुन आली. तलासचं एक कुटुंब आलं, त्यांच्या बाईनं दारातच माझ्या गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. बाकीचे आले नाहीत. बोरसोकं फिकी झाली, मी भीतीनं मीठच टाकलं नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, सुटली ही. तसं नाही. सगळे गेल्यावर मी भांडी घासत होते आणि मला कळलं की ही माणसं चांगली आहेत, पण यांच्यापैकी कुणालाही मी तरुण असताना कशी होते ते ठाऊक नाही. माझ्या नवऱ्याचा आवाज कुणी ऐकलेला नाही. तो ऐकलेलं माणूस आता एकच आहे, आणि तिला फोनवर ऐकू येत नाही.

आता माझी पाळी. तुम्ही ऐपेरीला का बोलावत नाही, ते विचारू नकोस म्हणालात. विचारत नाही, सांगते. तुम्ही बोलावलंत की ते घर तिचं होईल, म्हणून. तुम्हाला वाटतं, तोवर ते माझं आहे आणि मी कधीतरी परत येईन. मलाही तसंच वाटायचं. प्रत्येक पत्रात तुम्ही "अजून नाही" लिहिलंत की मी मनात खिडक्या परत पांढऱ्या करायचे. पण एजे, ती पोरगी गेल्या वर्षीपासून दार लावून बसली असेल. तिचा काय गुन्हा? मीही तशीच बसले होते, मला माहीत आहे ते कसं असतं.

बोलवा तिला. मी येणार नाही राहायला. हे लिहायला मला सगळा हिवाळा लागला.

अनारकुल


आत-बाशी, १७ एप्रिल

अनारकुल,

बोलावलं.

मेंढी कापली, तीच कान कापलेली, तुला आवडायची ती. दुपारी ऐपेरी नवऱ्याला घेऊन आली. नवीन रुमाल बांधला होता, त्याच्या घड्या अजून तशाच होत्या. कितीतरी दिवस पेटीत ठेवला असणार, या दिवसासाठी. ते बघून मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी तिला बस म्हणायलाच विसरले. तुझे सगळे टोमणे मला तेव्हा लागले.

ती म्हणाली, "आपा, मला वाटलं आम्ही रंग दिला ते तुम्हाला आवडलं नाही." मी म्हटलं, "नाहीच आवडलं. पण घर तुमचं आहे." असं बोलून बसले. तोंडातून निघून गेलं, आणि मग काही केल्या परत घेता येईना. तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली. मी दोन्ही हात वर करून दुवा दिली. तुझ्या उंबऱ्याची दुवा दिली, अनारकुल. आपल्या सासूनं तुला दिली होती त्याच शब्दांत. मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागली, त्यांना वाटलं म्हातारपणामुळे.

मग जेवणं झाली आणि चहाची वेळ झाली. मी सगळं केलं होतं पण चहा ओतायला कोण बसणार, याचा विचारच केला नव्हता. माझ्या घरात धाकटी बाई आहेच कुठे? मुली परक्या गावी, सून मॉस्कोत. मी किटलीपाशी जायला उठले, तर ऐपेरी माझ्या आधी तिथं जाऊन बसली. पाहुणी असून. कुणी सांगितलं नव्हतं. दाराजवळ, चुलीच्या बाजूला, गुडघा मोडून. कप अर्धे अर्धे भरले आणि पहिला मला दिला, दोन्ही हातांनी.

चाळीस वर्षं तिथं तू बसत होतीस. मी कप हातात घेतला. चहा प्यायले. तिनं दूध जास्त घातलं होतं, तुझ्यासारखा नव्हता. दुसरा कप मागितला.

ती आता रोज येते. माझ्या कानाशी येऊन ओरडून बोलते, गावभर ऐकू जातं. तुझ्याविषयी विचारते, मी सांगते. तुझा नवरा कसा बोलायचा तेही सांगितलं. तिला ऐकायला आवडतं, पण तिनं त्याला ऐकलेलं नाही. तू म्हणतेस ते खरं आहे, ते तसंच राहतं.

रस्ता मोकळा झाला की ये. आठ दिवस तरी राहा. माझ्याकडेच उतर, पण तुला सांगून ठेवते, आलीस तर चहाच्या किटलीला हात लावू देणार नाही. ती आता ऐपेरीकडे आहे. तू लांबून येणार, तू समोर वरच्या जागी बसशील, उशीला टेकून, आणि आम्ही दोघी तुला वाढू. तुला ते आवडणार नाही. मलाही आवडणार नाही. तरी ये.

बुर्माकान